फुंकणीवरचा उजेड

(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेऊन चालायच्या त्या सूं आवाज करणाऱ्या बत्तीला आपण पेट्रोमॅक्स म्हणतो. हे नाव आपल्याकडे इतके रुळले आहे, की ते मुळात जर्मन आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. बर्लिनमधल्या एरिख आणि ग्रेट्झ या कारखान्याची ही बत्ती. कारखान्याचे प्रमुख माक्स ग्रेट्झ. पेट्रोलियमच्या दिव्यांचा त्यांना एवढा नाद, की मित्रमंडळी त्यांना 'पेट्रो-माक्स' म्हणत आणि तेच नाव पुढे बत्तीला मिळाले, असे सांगतात. त्या बत्तीतल्या जाळीदार मँटलभोवती काचेचे एक नळकांडे असते. आत पांढराशुभ्र तापलेला मँटल, बाहेर पावसाचा थेंब, आणि तरीही काच तडकत नाही. साध्या काचेला हे जमणारे नव्हते. येना या गावी ओट्टो शॉट नावाच्या रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच तयार केली, तेव्हा कुठे अशा बत्त्या भरवशाच्या झाल्या.

म्हणजे जर्मन काच आपल्या अंगणापर्यंत फार पूर्वीच येऊन पोहोचली होती. आज मात्र मला बोलायचे आहे ते तिच्या पुढच्या पिढीबद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९५० ते १९७० या काळात, पश्चिम जर्मनीत तोंडाने फुंकलेल्या काचेचे विजेचे दिवे मोठ्या प्रमाणावर तयार झाले. स्वयंपाकघरात, जिन्यात, शाळेच्या वर्गात, दवाखान्याच्या बोळात टांगायचे साधे दिवे. आज ते जुन्या वस्तूंच्या बाजारात चढ्या भावाने विकले जातात. पण ते केले कोणी, आणि ते करणारी माणसे तिथे आली कोठून, ही गोष्ट त्या दिव्यांहून मला अधिक महत्त्वाची वाटते.

आधी एक साधा प्रश्न. विजेच्या दिव्याला काचेचे आवरण लागतेच कशाला? तेलाच्या दिव्याला वारा लागू नये म्हणून चिमणी लागायची. विजेच्या बल्बला वाऱ्याची भीती नाही. त्याची अडचण उलटी आहे. तार अगदी बारीक आणि उजेड एका जागी एकवटलेला, त्यामुळे त्याच्याकडे पाहिले की डोळे दिपतात आणि सावल्या काळ्याकुट्ट, धारदार पडतात. हा उजेड पसरवायला हवा, पण अडवायला नको. कापड धूळ धरते आणि तापते, कागद जळतो, पत्रा उजेड अडवतो. या कामाला उत्तम ठरली ती काच, आणि तीही आपण जिला दुधी काच म्हणतो ती.

दुधी काच पूर्वी हाडांची राख मिसळून करत, पुढे फ्लोराइडची संयुगे वापरू लागले. काचेच्या रसात अतिसूक्ष्म कण तयार होतात, ते प्रकाश विखुरतात, आणि काच दुधासारखी दिसते. पण नुसत्या दुधी काचेचा जाड दिवा केला तर अर्धा उजेड तिच्यातच मुरतो. म्हणून कारागिरांनी युक्ती केली ती तीन पदरांची. आत पारदर्शक काच, मध्ये दुधी काचेचा पातळ पापुद्रा, बाहेर पुन्हा पारदर्शक काच. दुधाचा पदर जितका पातळ आणि सारखा, तितका दिवा चांगला. तिन्ही काचा गरम होताना आणि निवताना सारख्याच प्रमाणात फुगल्या-आकसल्या पाहिजेत, नाहीतर दिवा आठवड्याभराने कपाटात ठेवल्या जागी आपोआप तडकतो. हे तीन रसांचे गणित बसवणे ही प्रत्येक कारखान्याची घरची विद्या असे.

आता हा दिवा तयार कसा होतो ते पाहू. भट्टीत काचेचा रस चौदाशे अंशांच्या आसपास शिजतो आणि मग कामाजोगा दाट होईल इतका थोडा निवू देतात. फुंकणी म्हणजे माणसाच्या छातीएवढ्या उंचीची पोकळ लोखंडी नळी. एक जण तिच्या टोकावर रसाचा छोटा गोळा उचलतो, हलकी फुंकर घालून त्यात पहिला बुडबुडा धरतो. मग त्यावर दुधी रसाचा पदर, त्यावर पुन्हा स्वच्छ रसाचा. पाकात बुडवून चिरोटा वर काढावा तसे हे काम दिसते. फरक एवढाच, की हा पाक हात जाळतो आणि फुंकणी फिरवणे क्षणभर थांबले तर सगळा गोळा एका बाजूला ओघळतो. गोळ्याला ओल्या लाकडी पळीने आकार देऊन तो मुख्य फुंकणाऱ्याच्या हाती जातो. तो फुंकणी उभी धरतो, खाली लाकडी साचा उघडा असतो, गोळा आत सोडला की साचा मिटतो आणि तो फुंकतो.

साचा बीच किंवा नासपतीच्या लाकडाचा, आणि सदैव पाण्यात भिजवलेला. तापलेला गोळा आत गेला की ओल्या लाकडाची वाफ होते. ती वाफच काचेला लाकडापासून केसभर दूर ठेवते. काच लाकडाला टेकत नाही, वाफेच्या गादीवर फिरते. फुंकणारा फुंकता फुंकता नळी गोल फिरवत राहतो, त्यामुळे साच्याच्या दोन फाळक्यांच्या सांध्याचा ओरखडा काचेवर उमटत नाही. या काळातले इतके दिवे कांद्यासारखे, पेरासारखे, थेंबासारखे गोल का, याचे उत्तर इथे आहे. साच्यात फिरवायचे तर आकार गोलच हवा. त्यात आवडीनिवडीचा भाग असेलही, पण पहिली अट फुंकणीची होती.

पुढे तो दिवा निववणीच्या भट्टीतून तासन्‌तास सावकाश थंड होतो, वरची टोपी कापून काढतात, कड घासतात, आणि हवे असल्यास आम्लात बुडवून त्याचा झगझगाट मारतात. मग तो रेशमासारखा मंद दिसतो. एका दिव्यामागे असा चार-सहा जणांचा गट असे, आणि त्यात तयार माल निववणीकडे पळवणारा एखादा पोऱ्याही असे. गटातल्या एकाचा हात चुकला तर बाकीच्यांचीही मेहनत फुकट.

या दिव्यांच्या इतिहासात जे नाव सर्वांत मोठे झाले ते मात्र फुंकणाऱ्याचे नव्हते. विल्हेल्म वागेनफेल्ड. जन्म १९०० चा, ब्रेमेन शहरातला. चांदीकाम शिकलेला हा तरुण १९२३ मध्ये वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत धातुकामाच्या कार्यशाळेत दाखल झाला, आणि १९२४ मध्ये तिथे एक टेबलावरचा दिवा तयार झाला. वर दुधी काचेची अर्धगोल टोपी, खाली निकेलचा किंवा काचेचा दांडा. काचेच्या दांड्याची कल्पना कार्ल याकोब युकर या त्याच्या सहाध्यायाची. दिव्याचे श्रेय कोणाचे किती, यावर पुढे बराच वाद झाला. तो दिवा घेऊन वागेनफेल्ड लाइपझिगच्या जत्रेला गेला, तर व्यापारी हसले. दिवा यंत्रावर काढलेल्या स्वस्त मालासारखा दिसत होता आणि किंमत मात्र हातकामाची होती, कारण तो खरोखरच हाताने, एकेक करून बनवलेला होता. वागेनफेल्डने ही हकिगत पुढे स्वतःच सांगितली आहे. यंत्रयुगाचा म्हणून जो दिवा आज जगभर मिरवतो, तो जन्मला तेव्हा यंत्राने केलेला नव्हता.

हा घाव त्याने विसरू दिला नाही असे दिसते. पुढची सगळी उमेदीची वर्षे तो कारखान्यांत वावरला. शॉटच्या येना कारखान्यासाठी त्याने उष्णता सोसणाऱ्या काचेची चहादाणी केली. १९३५ पासून तो लाउझित्झ प्रांतातल्या वाइसवासर गावी एका फार मोठ्या काच कंपनीचा कलाप्रमुख झाला. त्याचा आग्रह असा, की वस्तू कामगाराला परवडावी आणि श्रीमंतालाही उणी वाटू नये. एकावर एक रचता येणारे त्याचे काचेचे चौकोनी डबे १९३८ चे. त्याने नाझी पक्षाचे सभासदत्व घेतले नाही, हे खरे. त्याच राजवटीत त्याची ही मोठी नोकरी बहरली, हेही तितकेच खरे. शेवटी त्याला लष्करात घातले, पूर्व आघाडीवर पाठवले, आणि तो रशियनांच्या हाती युद्धकैदी झाला.

इथून पुढची गोष्ट नकाशा समोर ठेवून ऐकायला हवी. जर्मनीच्या पूर्वेला नाइस नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही अंगांना लाउझित्झचा प्रदेश. वाळू मुबलक, जंगलातले लाकूड आणि जमिनीतला कोळसा जवळ, म्हणून गावोगाव काचेच्या भट्ट्या. वाइसवासर नदीच्या पश्चिमेला. नदीच्या पूर्वकाठी पेन्झिग, आणि तिथे पुट्झलर बंधूंचा दिव्यांच्या काचेचा जुना, नामांकित कारखाना. आणखी दक्षिणेला, डोंगरापलीकडे बोहेमिया. तिथे श्टाइनशोनाऊ, हाइडा, गाब्लोन्झ ही जर्मन भाषकांची काचेची गावे. श्टाइनशोनाऊमध्ये १८५६ मध्ये काचकामाची शाळा निघाली, ती जगातली अशी पहिली शाळा मानतात. गाब्लोन्झचा तर आपल्याशी थेट संबंध. पहिल्या महायुद्धापूर्वी आपल्या बायकांच्या हातात ज्या विलायती काचेच्या बांगड्या किणकिणत, त्यांतल्या कितीतरी तिथल्या घराघरांत तयार होऊन येत. स्वदेशीच्या चळवळीत ज्या बांगड्यांवर बहिष्कार घातला गेला, त्यांत या बांगड्याही होत्या.

१९४५ मध्ये जर्मनी हरला आणि नाइस नदी सरहद्द झाली. पेन्झिग पोलंडमध्ये गेले, त्याचे पेन्स्क झाले. वाइसवासर रशियन अमलाखालच्या भागात राहिले. बोहेमिया पुन्हा चेकोस्लोव्हाकियाचा झाला आणि तिथल्या जर्मनांना घालवून देण्यात आले, सुमारे ३० लाख माणसांना. पूर्व युरोपातून सगळे मिळून १ कोटी २० लाखांच्या आसपास जर्मन असे उठून पश्चिमेकडे आले किंवा हाकलले गेले. हे सगळे आकाशातून पडले नव्हते. १९३८ मध्ये हिटलरने बोहेमियाचा हाच सीमाभाग गिळला होता. गाब्लोन्झचा माल जगभर नेणाऱ्या निर्यातदारांत ज्यू व्यापारी पुष्कळ होते. त्यांना तेव्हाच पळावे लागले, आणि ज्यांना पळता आले नाही त्यांतले बहुतेक मारले गेले. जर्मन कारागिरांच्या विस्थापनाची गोष्ट सांगताना त्यांच्या आधी त्याच रस्त्यांवरून कोण गेले, हे गाळून चालणार नाही.

सोबत न्यायला परवानगी होती ती थोड्या किलोंच्या गाठोड्याची. भट्टी गाठोड्यात मावत नाही, साचे मावत नाहीत. हातातले कसब मात्र कोणाला तपासनाक्यावर काढून घेता येत नाही. चेक सरकारलाही हे कळत होते. ज्यांच्यावाचून काचधंदा बंद पडला असता अशा काही कसबी जर्मनांना त्यांनी मुद्दाम अडवून ठेवले. येनामध्ये तर याहून वेगळाच प्रकार घडला. एप्रिल १९४५ मध्ये येना अमेरिकनांनी घेतले होते, पण ठरल्याप्रमाणे ते रशियनांच्या स्वाधीन करायचे होते. जाण्यापूर्वी अमेरिकनांनी शॉट कारखान्यातले ४१ तज्ज्ञ, कुटुंबांसह, आपल्याबरोबर पश्चिमेला नेले. कारखाना मागे राहिला, माणसे गेली. या ४१ जणांच्या बळावर मायन्झ शहरात १९५२ मध्ये नवा शॉट कारखाना उभा राहिला, आणि पुढे कित्येक वर्षे पूर्वेचा येना आणि पश्चिमेचा मायन्झ नावासाठी कोर्टात भांडत राहिले.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना हे नवे वाटणार नाही. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला, तेव्हा लोकांनी पै-पैसा जमवला, जागा मिळवली, पण खरी गरज होती ती काच येणाऱ्या माणसाची. ती भागवली जपान आणि अमेरिकेत ही विद्या शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. तिथे शिकलेले लोक मग देशभर गेले. कराडजवळ ओगल्यांनी औंध संस्थानच्या आश्रयाने काच कारखाना उभारला आणि पुढे त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला.

बोहेमियाच्या माणसांकडे परत येऊ. गाब्लोन्झचे कारागीर बव्हेरियात काउफबॉयरेन गावाजवळ जमले. तिथे युद्धकाळातला दारूगोळ्याचा एक कारखाना होता, अमेरिकनांनी सुरुंग लावून उडवलेला. त्या पडक्या इमारतींत १९४६ पासून त्यांनी मणी, बटणे, झुंबरांचे लोलक करायला सुरुवात केली. त्या वस्तीचे नाव आजही नॉयगाब्लोन्झ, म्हणजे नवे गाब्लोन्झ. श्टाइनशोनाऊ-हाइडाकडचे शिक्षक आणि कारागीर ऱ्हाइन नदीच्या बाजूला बॉनजवळच्या राइनबाखला आले. त्या गावात पूर्वी काचेची परंपरा नव्हती. तिथे १९४८ मध्ये काचशाळा सुरू झाली.

आणि पेन्झिगचे पुट्झलर? ते आले ड्यूरेनला. कोलोन आणि आखेन यांच्यामधले हे कागद आणि काचेच्या कारखान्यांचे सुखवस्तू गाव. १६ नोव्हेंबर १९४४ च्या दुपारी ब्रिटिश विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. अर्ध्या तासाच्या आत गाव जमीनदोस्त झाले आणि तीन हजारांहून अधिक माणसे मेली. युद्ध संपले तेव्हा तिथे जवळपास एकही घर धड उभे नव्हते. या ड्यूरेनमध्ये पाइल कुटुंबाचा काच कारखाना होता. त्यांच्याकडे जागा होती, पण गाव बेचिराख झालेले. पुट्झलरांकडे दिव्यांच्या काचेचे ज्ञान आणि ओळखीचे ग्राहक होते, पण गावच हातचे गेलेले. युद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच दोघे एकत्र आले आणि 'पाइल आणि पुट्झलर' ही कंपनी उभी राहिली. जर्मनीत शतकाच्या मध्यावर झालेल्या काचेच्या दिव्यांमध्ये हे नाव पहिल्या ओळीत येते. पेन्स्कमध्ये, तिकडे, पोलिश कारागिरांनी काचेचे काम सुरू ठेवले. त्या भागात वसलेले अनेक पोलिश लोकही स्वतः आणखी पूर्वेकडून, रशियाने घेतलेल्या मुलखातून, उठून आलेले होते.

या कंपनीला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागले नाही. जून १९४८ मध्ये पश्चिम जर्मनीत नवे चलन आले, १९५० मध्ये गृहबांधणीचा कायदा झाला. त्याचे उद्दिष्ट होते सहा वर्षांत १८ लाख घरे. ते पार झाले, आणि १९५३ पासून तिथे दर वर्षी पाच लाखांहून अधिक घरे उभी राहू लागली. ही घरे लहान होती, छत ठेंगणे. जुन्या पद्धतीचे झुंबर टांगले तर उंच माणसाचे डोके आपटावे. काच फुंकून केलेला, वायरला लटकणारा, एका बल्बचा लहान दिवा या घरांना बरोबर बसला. ज्यांचे सगळे जळून गेले होते त्यांना प्रत्येक खोलीत एक दिवा नव्याने घ्यायचा होता. कारखान्यात हा दिवा फुंकणाऱ्यांपैकी काही आणि तो दुकानातून विकत नेणाऱ्यांपैकी काही, असे दोन्हीकडचे लोक निर्वासित होते.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला वागेनफेल्ड पाइल आणि पुट्झलरसाठी दिवे करू लागला. तोवर तो श्टुटगार्टला स्थायिक झाला होता. त्याचे हे दिवे पाहिले की पहिल्यांदा काहीच विशेष वाटत नाही. दुधी काचेचा एक थेंब, मानेशी थोडा आवळलेला. मग लक्षात येते, की खाली बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बल्ब कोठूनच येत नाही, उजेड छतावरही जातो आणि टेबलावरही पडतो, आणि काच पुसायला बोट अडेल असा कोपरा कुठे नाही. तीस वर्षांपूर्वी लाइपझिगच्या जत्रेत जी गोष्ट त्याला अडली होती, ती इथे सुटली. फुंकणीवरचे काम एकदा साचा ठरला की झपाट्याने होते. एका गटाच्या हातून एका पाळीत पुष्कळ दिवे निघतात. दिवा दिसायला यंत्राचा, करणी हाताची, आणि किंमत शाळामास्तरला परवडणारी. माझ्या मते त्याचे खरे यश १९२४ च्या प्रसिद्ध दिव्यात नाही, या बिननावाच्या वाटणाऱ्या दिव्यांत आहे. पण संग्रहालयात तोच जुना दिवा काचेच्या पेटीत असतो. १९८० पासून ब्रेमेनची एक कंपनी तो अधिकृतपणे पुन्हा बनवू लागली, प्रत्येकाच्या बुडाशी क्रमांक घालून.

त्याच कंपनीसाठी काम करणारा दुसरा मोठा माणूस अलॉइस गांगकोफ्नर. जन्म १९२० चा, बव्हेरियाच्या जंगलपट्टीतला, जिथे काच हा शेतीइतकाच जुना धंदा. म्युनिकच्या कला अकादमीत तो काचकाम शिकवत असे. वागेनफेल्डचा दिवा पांढरा आणि अबोल, गांगकोफ्नरचा रंगीत आणि खेळकर. बारीक रंगीत रेघा, अंगभर ओढलेले धागे, धुरकट पिवळा किंवा अस्मानी रंग. दिव्यांना बेर्गामोसारखी दक्षिणेकडच्या गावांची नावे. युद्धानंतर सामान्य जर्मन माणसाच्या हातात चार पैसे आले तेव्हा त्याने पहिला मोठा प्रवास केला तो उन्हाच्या ओढीने इटलीला. स्वयंपाकघरातल्या दिव्याच्या नावात ते ऊन आले. मला स्वतःला वागेनफेल्ड अधिक पटतो, पण गांगकोफ्नरचा एखादा दिवा पेटलेला पाहताना आपले मत जरा बाजूला ठेवावेसे वाटते, हे कबूल करायला हवे.

सरहद्दीपलीकडे वाइसवासरमध्ये वागेनफेल्डचा जुना सहकारी फ्रीडरिश बुंट्झेन काच घडवत राहिला. तिकडे कारखाना सरकारी झाला, पण घराणे तेच. एकाच घराण्याचे दोन गवई दोन देशांत गेले तरी गळ्याची जात लपत नाही, तसे या दोन बाजूंच्या काचेचे आहे.

आतापर्यंत मी जी नावे घेतली ती आरेखन करणाऱ्यांची आणि मालकांची. फुंकणाऱ्यांची घेतली नाहीत, कारण दिव्यावर त्यांचे नाव नसते. दिव्यावर बहुधा कंपनीचे कागदी लेबल असे, तेही पहिल्या पुसण्यात गळून पडे. आरेखनकाराचे नाव कंपनीच्या माहितीपत्रकात छापले जाई. साच्यात गोळा नेमका किती वाकला की फुंकर आवरायची, हे ज्याला कळत होते तो हजेरीपत्रकात राहिला. वागेनफेल्डला याची जाण होती. कारखान्यातली वस्तू एकट्याची नसते, असे तो सतत म्हणत आणि लिहीत आला. तरीही लिलावात बोली लागते ती त्याच्याच नावावर.

एका ठिकाणी मात्र या लोकांची नोंद सरकारी कागदावर आहे. जर्मनीत १९२५ मध्ये व्यवसायामुळे होणाऱ्या रोगांची पहिली यादी कायद्याने जाहीर झाली. शिसे, पारा, फॉस्फरस यांची विषबाधा, आणि त्याच यादीत काचकामगारांचा मोतीबिंदू. भट्टीच्या तोंडाशी वर्षानुवर्षे पाहत राहिल्याने, तिथून येणाऱ्या अवरक्त किरणांनी डोळ्यातले भिंग गढूळ होते. दुसऱ्यांच्या डोळ्यांना उजेड बोचू नये म्हणून जे दिवसभर दुधी काच फुंकत, त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत दूध उतरे. रंगीत चष्मे आणि भट्टीपुढचे पडदे पुढे आले. गटातल्या जुन्या माणसांना चष्मा घातला की रसाचा रंग नीट कळत नाही, अशी तक्रार असे, आणि रसाचा रंग कळणे हेच तर त्यांचे कसब.

१९७० नंतर या धंद्याला उतरती कळा लागली, तिची कारणे फार गूढ नाहीत. काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, ती अखंड जळत ठेवावी लागते. १९७३ च्या तेलसंकटानंतर ते फार महाग झाले. प्लॅस्टिकच्या टोप्या आल्या, ट्यूबलाइट आल्या, बाहेरून स्वस्त काच आली. मजुरी वाढली, हे चांगलेच झाले, पण तोंडाने फुंकलेला दिवा शाळामास्तरच्या आवाक्याबाहेर गेला. त्याआधीच, १९६६ मध्ये, इंगो माउरर या जर्मन आरेखनकाराने थट्टेने एक दिवा केला होता. काचेच्या भल्यामोठ्या बल्बच्या आत एक खरा बल्ब. ज्याला झाकण्यासाठी एवढा खटाटोप झाला तो उघडा बल्बच आता शोभेची वस्तू झाला. २००९ पासून युरोपीय संघाने तारेचे बल्बही टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. डिसेंबर २०२३ मध्ये हाताने काच करण्याची विद्या युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. सहा देशांनी मिळून अर्ज केला होता. त्यांत जर्मनीही होता आणि चेक प्रजासत्ताकही. जर्मन कारागिरांना ज्याने हाकलले आणि अडवले तो देश, आणि ते जिथे गेले तो देश, अशा दोघांची सही एकाच कागदावर आली.

या काळातला दिवा कधी हाती लागला, तर तो ओळखायची रीत सोपी आहे. आधी बल्ब काढून घ्या आणि दिवा उजेडाकडे धरून अंगावरून बोट फिरवा. साच्याच्या सांध्याची उभी रेघ लागली तर तो फिरवून फुंकलेला नाही. मग मानेची कड पाहा, जिथे टोपी कापून घासलेली असते, धातूच्या पट्टीखाली लपलेली. तिथे दोन पारदर्शक कडांच्या मध्ये नखाच्या कडेएवढी बारीक, पांढरी रेघ दिसेल. ती एका बाजूला किंचित जाड आणि दुसऱ्या बाजूला किंचित पातळ असते, कारण फुंकणी फिरवणारा हात माणसाचा होता.